अल्बममध्ये नसलेलं लग्न

कॅरीहून सकाळी सहाला निघाले तेव्हा मागच्या सीटवर तीन जाड अल्बम होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या या गावात राहून मी सात वर्षं लग्नांचे फोटो काढते आहे. व्हर्जिनियातलं अ‍ॅशबर्न इथून गाडीने जवळजवळ पाच तास. व्हिडिओ कॉलवर काम भागलं असतं, पण मेश्रामकाका फोनवर म्हणाले होते, "मुलीचं लग्न आहे. फोटो हातात घेऊन बघू." मला ते आवडलं.

रिचमंडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडं. त्यानंतर झाडं विरळ झाली आणि गाड्या वाढल्या. अ‍ॅशबर्न जवळ आल्याचं डेटा सेंटर्सवरून कळतं. मैदानाएवढ्या राखाडी इमारती, आणि त्यांना एकही खिडकी नाही. फोनवरच्या नकाशाने मला नेमकं अशाच एका इमारतीच्या फाटकाशी नेऊन उभं केलं. गार्ड मागच्या अल्बमकडे बघून म्हणाला, "वेडिंग? नॉट हिअर, मॅम." त्यानेच मागच्या वस्तीचा रस्ता दाखवला.

मेश्रामकाका मूळचे नागपूरचे, इथे एका डेटा सेंटरमध्ये इंजिनिअर. दार त्यांनीच उघडलं.

"जयभीम."

"नमस्कार," मी सवयीने म्हणाले.

दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो आणि ताजी फुलं. छायाकाकूंनी पाणी दिलं. मुलगी मित्रा इथेच जन्मलेली, वकील आहे. लग्न बौद्ध पद्धतीने होणार हे तिने मला फोनवर आधीच सांगितलं होतं. तरीही मी नेहमीचेच तीन अल्बम उचलून आणले होते.

काकांनी हात पुसले आणि पानं उलटायला सुरुवात केली. अंतरपाट, होम, सप्तपदी, हळदीने माखलेले चेहरे. मित्रा मधूनमधून "ब्यूटिफुल" म्हणत होती. काका पानं उलटत राहिले. तिसरा अल्बम मिटून त्यांनी विचारलं, "आमच्यासारख्या लग्नाचं काम कधी केलंस का?"

"केलंय काका. दोन वर्षांपूर्वी, रिचमंडला."

"यात दिसलं नाही."

"व्हाय नॉट?" मित्राने विचारलं.

जागा पुरली नाही, असं सांगता आलं असतं. पण ती तिघं माझ्याकडे बघत होती आणि मला खोटं बोलवेना.

"मला ते फोटो साधे वाटले," मी म्हणाले. "पांढरे कपडे, मेणबत्त्या, वीस-पंचवीस मिनिटांचा विधी. वाटलं, बघणाऱ्याला त्यात काही दिसणार नाही."

बोलले, आणि माझंच वाक्य माझ्या कानांना टोचलं.

काका रागावले नाहीत. आत जाऊन त्यांनी एक फ्रेम आणली. नागपुरातल्या वस्तीतलं समाजमंदिर, पांढऱ्या साडीतल्या तरुण छायाकाकू, शेजारी बारीक मिशीचे काका. उजव्या कडेला फक्त एक बाही आणि एक हात.

"हा माझ्या बाबांचा हात," काका म्हणाले. "गिरणीत होते. लग्नासाठी नवा सदरा शिवला होता. फोटोग्राफर म्हणाला, तुमच्यात काय, लगेच उरकतं. हा एक फोटो काढला न् गेला. त्या दिवसाचे बाबा आमच्याकडे एवढेच आहेत."

मी फ्रेम हातात घेऊन ती बाही बघत होते. शेवटी काकूंनीच ती माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "चला, पानं वाढलीत."

जेवायला पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) आणि भात होता. "घे न व अजून," काकू आग्रह करत होत्या. फोटोंचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. निघताना मित्रा गाडीपर्यंत आली. "वुई विल लेट यू नो," ती म्हणाली. मग थोडं थांबून, जुळवून मराठीत म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलं, ते चांगलं केलं."

परतताना मी रिचमंडला थांबले. ज्या लग्नाबद्दल बोललो होतो ते सुजाताचं. ती इथे एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. रस्त्यातूनच फोन केला तर म्हणाली, "या ना ताई, आज मी घरीच आहे."

तिने चहा ठेवला. तुमचे फोटो अल्बममध्ये घेऊ का, असं मी विचारलं, तसा तिने गॅस बारीक केला.

"आम्हाला वाटलं होतं, आमचं लग्न तुम्हाला आवडलं नाही," ती म्हणाली. "साइटवर सगळ्यांची लग्नं टाकता तुम्ही. आई फोनवर विचारायची, आपलं कधी येणार? मी सांगायचे, टाइम लागतो गं."

मी माफी मागितली. ती पटकन "इट्स ओके" म्हणाली नाही, हे बरं झालं. तिने लॅपटॉप आणला आणि आम्ही शेजारी बसून सगळे फोटो पहिल्यापासून बघितले. मी दाखवत नव्हते, ती दाखवत होती. विधी करणारे भन्तेजी पोहोचू शकले नव्हते, म्हणून लग्नाची प्रतिज्ञा तिच्या वडिलांनी वदवून घेतली. एका फोटोत त्यांनी कागद खाली घेतला आहे, कारण आवाज फुटेना. दुसऱ्यात आजी डोळे मिटून पंचशील म्हणते आहे.

"तिला अक्षर येत नव्हतं," सुजाता म्हणाली. "पण पंचशील तोंडपाठ. मागच्या वर्षी गेली."

तो क्षण मी स्वतः टिपला होता, चार हातांवरून. तेव्हा माझं लक्ष उजेडाकडे होतं.

अल्बमसाठी फोटो सुजातानेच निवडले. कॅरीला पोहोचल्यावर आठवडाभर त्यावर काम केलं आणि एक प्रत मेश्रामांकडे पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं, अल्बम पाठवतेय ते काम मिळावं म्हणून नाही.

काही दिवसांनी काकांचा फोन आला.

"अल्बम बघितला. त्या आजींचा फोटो दोनदा बघितला. छायाने तर तिथेच पान उघडं ठेवलंय." मग म्हणाले, "पण काम आम्ही दुसऱ्याला दिलं, पोरी. मित्राने ठरवलं. मलाही पटलं."

"बरोबर आहे, काका," मी म्हणाले. "जयभीम."

"जयभीम," ते म्हणाले.

याआधीही मी कितीतरी घरांतून काम न मिळता परतले आहे. प्रत्येक वेळी गाडीत बसून कारणं शोधायचे: त्यांना कोणी ओळखीचं मिळालं असेल, अंतर लांब पडलं असेल. या वेळी कारण शोधावं लागलं नाही.