पाणी अडवणारा हात

धोंडाबाईला बसवत नव्हतं. पुढ्यातला चहा निवून गेला, तरी तिचं लक्ष आपलं मैदानाच्या खालच्या कोपऱ्याकडं.

सुदुंबऱ्याजवळच्या जुन्या मैदानाचं स्टेडियम होत होतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचे सामने तिथं व्हायचे होते. आज परदेशी पाहुणे तपासणीला येणार, आणि नवं लावलेलं गवत घोटाभर पाण्यात! रात्रभर फवारे चालू होते हे खरं, पण पाणी वाहून न्यायला जमिनीखालून नळ्या होत्या की. मग मेलं तुंबलं कसं?

धोंडाबाई खंडाळ्याच्या वरच्या ठाकरवाडीची. उभा जन्म भाताची लावणी करण्यात गेलेला. तिचा उरक बघून मुकादम निलेशनं तिला गवत लावायला घेतलं, आणि वर शब्द दिला, "मावशी, शेवटपर्यंत टिकलात तर पहिल्या मॅचला नातीला घेऊन आत बसा." नात करिष्मा आश्रमशाळेच्या संघात गोल अडवायची. तिनं तर साऱ्या वाडीत दवंडीच पिटली होती.

आता निलेश विकासवर खेकसत होता. विकास धोंडाबाईच्याच वाडीचा, नळ्या त्यानंच जोडलेल्या. "उतार चुकवलास! सामान उचल आणि चालता हो!"

"साहेब, काल पानी निघत व्हतं वो," विकास रडकुंडीला आला.

निघत होतं. काल सांजच्याला घरी जाताना धोंडाबाईनंच बघितलं होतं. लावलेल्या रानातलं पाणी नळीतून भळाभळा नाल्यात चाललेलं! खाचराचा बांध फुटल्यावर माणूस विचार करत बसतो होय? पायाशी पडलेला मातीचा गड्डा तिनं हातासरशी नळीच्या तोंडात कोंबला, वर गोणपाट ठासलं आणि गाडी चुकेल म्हणून बेगडेवाडी स्टेशनाकडं पळत सुटली. चांगलं काम केलं म्हणून वाटभर खूश होती, खुळी!

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? ती उठली, बसली, पुन्हा उठली. डोळ्यांपुढून करिष्मा हलेना. आणि समोर विकास पाने-पक्कड पिशवीत भरायला लागला.

"आरं थांब की रं!"

ती धावत नाल्यात उतरली, खांद्यापर्यंत हात घालून तिनं बोळा उपसला. पाणी भसकन अंगावर आलं.

"म्या बुजवलंवतं," ती ओली चिंब उभी राहून म्हणाली. "पानी चाललेलं बघून हात ऱ्हायला न्हाई. त्या पोराचा काय बी दोस न्हाई."

निलेशनं कपाळाला हात लावला. "मावशी, वर काय सांगू मी? कुणीतरी जायलाच पाहिजे. उद्यापासून येऊ नका."

"व्हय," ती म्हणाली, आणि डबा उचलून फाटकाबाहेर पडली.

मैदानातलं पाणी रस्त्याकडेच्या गटारातून तिच्या संगतीनंच खळाळत चाललं होतं. सवयीनं तिचा पाय आडवा झाला. तिनं तो चटदिशी मागं घेतला.

"जा बाबा, जा," ती पाण्यावर डाफरली. "तुला अडवाया गेले, आन् पोरीची मॅच घालवून बसले."