जावेच्या पाठीवर माझे हात

माझ्या लेकीनं बाळंतपणासाठी पुण्याला माझ्या मोठ्या जावेला बोलावलं. मलाही बोलावलं, पण नंतर. "आई, तू बारशाला ये ना. आधी मोठी आई येईल. तिला सगळं जमतं." मी म्हटलं, "बरं." पन्नाशी उलटली तरी मी 'बरं'च म्हणते.

तिची चूक नाही. ती लहान असताना मी कळमेश्वरला नोकरीला जायची, घरी यायला दिवेलागण. एकाच घरात वरखाली राहतो आम्ही. जावेला मूल नाही, पोर खाली तिच्याकडेच वाढली. एकदा तापात माझ्याजवळून उठून तिच्या कुशीत जाऊन झोपली होती. तसं कुणाला बोलले नाही कधी, पण ते जाणं मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या धरमपेठेतल्या योगवर्गाला गेलो. पश्चिमोत्तानासन होतं. पाय लांब करून बसायचं, पुढे वाकून अंगठे धरायचे. आमच्या बाई आसनासोबत थोडं निरूपणही करतात. म्हणाल्या, "होमात आहुती टाकताना काय म्हणतो आपण? न मम. हे माझं नाही. श्वास सोडताना मनात तेच म्हणा. धरलेलं सुटलं की अंग आपोआप वाकते."

जाऊ साठीची, पण कपाळ पार गुडघ्यांना टेकलं तिचं. माझे हात घोट्यांपाशीच अडकलेले. मान वळवून म्हणाली, "काहून अशी फुगून राहिली वं? पोट आत घे थोडं." मागच्या बाया हसल्या.

मग बाईंनी जोड्या लावल्या. एकीनं वाकायचं, दुसरीनं तिच्या पाठीवर तळवे ठेवायचे. नुसता आधार द्यायचा, दाबायचं नाही, असं बजावलंही त्यांनी.

मी तळवे ठेवले. न मम म्हटलं. डोळ्यांपुढे लेकीचं बाळ आणि त्याला तेल लावणारे जावेचे हात. माझं आहे ते, माझं. मी अंगाचा भार टाकला. "पुरे वं," ती म्हणाली. ऐकू आलं मला. तरी आणखी दाबलं.

तिची कंबर धरली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. घरात सगळे म्हणाले, या वयात कशाला ही थेरं. लेकीचा फोन आला, "आई, आता तूच ये." मला आनंद झाला. लाज नंतर वाटली, आधी आनंदच.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी तिच्या कमरेला तेल चोळताना बोलून टाकलं. "ताई, मी मुद्दाम दाबलं होतं."

पालथी पडल्यापडल्याच ती म्हणाली, "मले मालूम आहे. हात होता का वरवंटा तुया?"  मग म्हणाली, "जाय तू. पोरीले सांगू नको. बाळंतिणीच्या जिवाले घोर नको."

किती सहज सोडलं तिनं! मला त्याचाही हेवा वाटला.

नात झाली. दवाखान्यात ती माझ्या हातात दिली, तशी लेक म्हणाली, "आधी मोठ्या आईला दाखव गं." मी व्हिडिओ कॉल लावला. जाऊ अंथरुणातच होती, डोळे भरलेले.

"थोडं जवळ धर वं, दिसून नाही राहिलं."

मी फोन जवळ धरला. बाळाचं तोंड मात्र माझ्याकडेच होतं. ते तिच्याकडे वळवायला मला वेळ लागला.