‘पहाट’चा बातमीदार

“‘हरले’ लिहू नका ताई. ‘झुंज अपुरी पडली’ लिहा.”

हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय, की त्यांनी ‘हॅलो’ म्हणायच्या आतच माझी बोटं ‘झुंज’ टाइप करायला लागायची. बुलढाण्याच्या बसस्थानकामागे आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय होतं. दोन खोल्या, तीन खुर्च्या. बातमीदारांनी हातानं लिहिलेलं किंवा फोनवरून सांगितलेलं संगणकावर उतरवून मुख्य कार्यालयाला पाठवायचं, हे माझं काम. फोन करणारे ते आमचे बातमीदार, त्यांना सगळे सर म्हणायचे. सर खेळाच्या बातम्या द्यायचे. अधूनमधून बाजारभाव आणि निधनवार्ताही त्यांच्याच गळ्यात पडायच्या, पण त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता. देऊळघाटच्या पुढे त्यांचं गाव. त्या गावाचा कबड्डीचा संघ, पहाट मंडळ.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. ज्याला सगळं जग कळतं, फक्त एका बाबतीत काही म्हणजे काही कळत नाही.

सर स्वतः पहाटकडून एकच हंगाम खेळले होते. दुसऱ्या हंगामाच्या आधीच गुडघा गेला. तेव्हापासून ते उजवा पाय जरा ओढत चालायचे. पोरं मैदानात उतरली की हे कडेला, गुण मांडणाऱ्यांच्या टेबलाशेजारी उभे. बसायचे नाहीत. सामना संपेपर्यंत चहा नाही, पाणी नाही. त्यांच्या पत्नी एकदा कार्यालयात आल्या होत्या, हसत हसत म्हणाल्या, “यायचं पहिलं लगन पहाटसंगं झालं. मी दुसरी.” मुलीच्या लग्नाची तारीख ठरवताना सरांनी व्याह्यांना तालुका स्पर्धेचं वेळापत्रक दाखवलं होतं, हेही बाईंनीच सांगितलं. सर मान खाली घालून कागद चाळत राहिले.

एकदा मेहकरच्या एका वाचकाचं पत्र आलं. ‘आपल्या अंकात पहाट मंडळाच्या झुंजीचं वर्णन वाचलं. फार आवडलं. कृपया सामना कोणी जिंकला तेही कळवावं.’ मी बातमी काढून पाहिली. खरंच, अख्ख्या बातमीत विजेत्या संघाचं नाव नव्हतं. सरांना दाखवलं तर म्हणाले, “त्यायचं नाव त्यायच्या गावचा पेपर छापीन. आपल्या पोरायचं कोण छापते?”

त्या पोरांमध्ये रोशन होता. बावीस वर्षांचा. सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रावर काम करायचा, बाकी वर्षभर पोलीस भरतीसाठी धावायचा. चढाईला गेला की दोन गडी मारल्याशिवाय परत येत नसे. सर त्याच्याबद्दल फोनवर सांगायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. “ताई, तुमी पाहाले पाहिजे होतं. तीन जण लटकले अंगाले. तीन! तरी रेघेले हात लावला त्यानं.”

त्या वर्षी पहाट जिल्हा स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. सामना घाटाखालच्या एका गावात होता. संध्याकाळी साडेपाचला फोन आला. मागे ढोल वाजत होते.

“लिहा ताई! पहाट अंतिम फेरीत! रोशनची शेवटची चढाई. दोन गुण! मोठं शीर्षक द्या, चार कॉलम मागा!”

मी शीर्षक दिलं. बातमी पाठवायच्या बेतात होते. वीसेक मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. आता मागे ढोल नव्हते.

“ताई, थांबवा.”

“काय झालं सर?”

“रोशन गाडीत उलट्या करून राह्यला. डोळे उघडत नाही.”

त्याला बुलढाण्याला आणलं. तिथून मोठ्या शहरात न्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. डोक्यात आतल्या आत रक्तस्राव झाला होता.

त्याच संध्याकाळी सर कार्यालयात आले. पाय ओढत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“घ्या लिहून,” म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. शेवटच्या चढाईच्या आधीच्या पकडीत रोशनचं डोकं दुसऱ्या खेळाडूच्या गुडघ्यावर आदळलं. तो पडून राहिला. तोंडावर पाणी मारलं. मैदानावर डॉक्टर नव्हता. रोशन म्हणाला, भाऊ, डोकं भणभण करून राह्यलं. कप्तान त्याला बाहेर बसवायच्या विचारात होता. इथं सर थांबले. मी मान वर केली नाही.

“पुढं लिहा. तेव्हा मैदानाच्या कडेवरून कोणीतरी ओरडलं, ‘उठ बे रोशन, काही नाही झालं तुले, एकच चढाई!’ तो उठला. ओरडणारा या दैनिकाचा बातमीदार होता. पूर्णविराम.”

“सर…”

“पूर्णविराम दिला का?”

दिला. बातमी गेली. सकाळी अंकात आली तेव्हा त्यात ते वाक्य नव्हतं. मुख्य कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, बातमीदारानं बातमीत यायचं नसतं. सरांनी अंक उघडून पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, “चला माझ्यासंगं. मले एकट्यानं नाही होणार.”

आम्ही त्यांच्या गावी गेलो. रोशनचं घर बुद्धविहाराच्या मागच्या ओळीत. अंगणात बायका बसल्या होत्या. त्याची आई, शांताबाई, दाराच्या चौकटीला टेकून. सर तिच्यापुढे खाली बसले, तो गुडघा दुमडत नसतानाही.

“बाई, तो पडला होता. त्याले मी उठवलं. मी ओरडलो.”

“मले मालूम हाये,” ती म्हणाली. “पोरायनं सांगतलं.”

“मंग काऊन काही म्हणत नाही? म्हणा काही. मारा मले.”

रडून रडून तिचा आवाज बसला होता.

“काय म्हणू भाऊ? तुमचा आवाज आला म्हून तो उठला. माहा आला असता तं पडून राह्यला असता.”

आम्ही बसनं परतलो. तिनं त्यांना माफ केलं होतं की नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

पहाट अंतिम सामना खेळला नाही. पोरं पुन्हा मैदानात उतरलीच नाहीत. कोणी पुण्याला कंपनीत गेलं, कोणी शेगावला लॉजवर लागलं. मंडळाच्या फलकावर कोणीतरी पिकांच्या औषधाची जाहिरात चिकटवली. सर मात्र दर स्पर्धेला जात राहिले. बातम्या आता चार ओळींच्या असायच्या. कोण जिंकलं, किती गुणांनी. ‘हरले’ असंच लिहायला सांगायचे. मला ते टाइप करताना त्रास व्हायचा.

त्यांनी एकच धरून ठेवलं होतं. मैदानावर डॉक्टर पाहिजे. प्रत्येक आयोजकाला भेटायचे, अर्ज द्यायचे. लोक आधी ऐकून घ्यायचे, मग टाळायला लागले. “पेपरवाले, बसा खाली,” असं मागून ओरडायचे. चिखलीजवळच्या एका स्पर्धेत एका खेळाडूच्या खांद्याला मार लागला तेव्हा सर सरळ मैदानात घुसले. पोराच्या आणि रेघेच्या मध्ये हात पसरून उभे राहिले. सामना थांबला. लोकांनी ओढत बाहेर काढलं. संध्याकाळी कार्यालयाच्या दारात आले ते फाटका शर्ट हातानं धरून.

“ताई, शर्ट बदलून येतो. बातमी घ्या तवर, घाटपुरीच्या बाजूचा संघ जिंकला. पाच गुणांनी.”

“आणि तो पोरगा?”

“खेळला पुढं.” एवढंच म्हणाले.

नंतर त्यांना मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला. नोकरी सुटली. आठवड्यातून दोनदा रुग्णालयात जावं लागे. सर जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या निधनाची बातमी मीच टाइप केली. पण मला ते रुग्णालयातले सर आठवत नाहीत. आठवतात ते त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातले.

गावातल्या नव्या पोरांनी पहाट पुन्हा सुरू केला होता. शाळेच्या मैदानावर स्पर्धा ठेवली. उद्घाटनाला बोलवायला पोरं सरांच्या बुलढाण्यातल्या घरी आली, तर सरांनी नाही म्हटलं. आणि सामन्याच्या दिवशी दुपारी मला फोन केला, “ताई, येता का? उद्घाटनाले नाही. असंच.”

आम्ही पोचलो तेव्हा सामना सुरू झाला होता. ते टेबलाकडे गेले नाहीत. शाळेच्या भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मैदान त्यांच्या मागे. “तुमी पाहा. मले सांगा,” म्हणाले.

मी सांगत होते. मला कबड्डीतलं फारसं कळत नाही. चढाई, आऊट, परत. मागून पोरांचा श्वास, माती, टाळ्या. मग एकदम गर्दी गप्प झाली.

त्यांनी माझं मनगट धरलं.

“पडला का?”

“हो.”

“उठला?”

“अजून नाही.”

“कोणी ओरडून राह्यलं का?”

मी कान दिला. कोणी ओरडत नव्हतं. दोन पोरं त्या खेळाडूजवळ बसली होती. कडेला एका झाडाखाली खुर्ची टाकून एक तरुण डॉक्टरीण बसली होती, तिला पोरांनी गावच्या आरोग्य केंद्रातून बोलावून आणलं होतं. ती पिशवी घेऊन आत गेली. त्याच्या डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं. हातानं ‘बाहेर’ अशी खूण केली. तो पोरगा हात झटकत होता, खेळतो म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. त्याला चालवत नेऊन झाडाखाली बसवलं.

मी हे सगळं सांगितलं. सर भिंतीला घासत हळूहळू खाली आले आणि मातीत बसले. मागे पुन्हा ‘कबड्डी कबड्डी’ सुरू झालं होतं.

“आपली बस कितीची हाये, ताई?”

“सामना संपायचा आहे अजून सर.”

“हाव. चला आपण.”

पहाटचा सामना अर्ध्यावर सोडून निघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. फाट्यापर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. बसमध्ये खिडकीजवळ बसले आणि पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकलं. गाडी सुटली तेव्हा मैदानाकडून मोठा गलका आला. कोणीतरी जिंकलं असावं. त्यांनी मान वर केली नाही.