चिखल्याच्या आप्पांचे लाल गुलाब

"लाल म्हणून दिलेत आणि गुलाबी आले! सगळ्या चिखले गावात हसं झालं माझं!" शेठनी फोन स्पीकरवर ठेवला होता. आप्पांचा आवाज नर्सरीच्या गेटपर्यंत जात होता.

फोन बंद करून शेठ मला म्हणाले, "प्रकाश, तिकडचे बागायतदार आप्पांच्या शब्दावर रोपं घेतात. मिटवून ये. नाही मिटलं तर उद्या कामावर यायची घाई करू नकोस."

२०१६ साल असावं. डहाणूजवळच्या त्या नर्सरीत मी सुपरवायझर होतो. आप्पांना दिलेली गुलाबाची वीसही कलमं माझ्याच हातची, त्यामुळे दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

चिखल्यात पोचलो. वीसही झाडं गुलाबी फुलांनी लगडलेली. वास असा, की मी शिव्या खायला आलोय हेच विसरलो.

नर्सरीतला गुलाब म्हणजे खरं तर दोन झाडं. खाली मुळांसाठी दणकट जुना गुलाब. त्याला आम्ही खुंट म्हणतो. त्यावर विलायती लाल गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटायला आलेला कोंब, भरायचा. आमचा खुंट एडवर्ड गुलाबाचा. हिंदी महासागरातल्या एका बेटावर शेतकरी गुलाबांची कुंपणं करत. तिथे चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब शेजारी शेजारी वाढले आणि घरच्यांना न विचारता त्यांचं जमलं. हा त्याच घराण्यातला, फुलं गुलाबी आणि वासाची. खारा वारा सोसतो, फवारणी मागत नाही, नुसती काडी खोचली तरी जगतो. वरचा लाल गेला की हा खालून उसळतो.

पण इथे लाल आपोआप गेला नव्हता. वाकून पाहिलं तर प्रत्येक झाडाचा लाल भाग जोडापाशी सुरीनं साफ उडवलेला.

तेवढ्यात आप्पांच्या बायको, काकी, चहा घेऊन आल्या. अंबाड्यात गुलाबी फूल.

"काकी, हे काम तुमचं?"

"हळू बोल! त्या लालला वास तरी आहे का? देवाला काय कागद वाहू? चिकूवाल्यांच्या घरात आयुष्य गेलं माझं. कुठे कापलं की खालचं फुटतं, एवढं कळतं मला."

आप्पा बाहेर आले. "काय निघालं?"

खरं बोललो तर नोकरी वाचत होती. पण काकी त्यांच्या मागे उभ्या राहून माझ्याकडे एकटक बघत होत्या. मी घाबरलो, दुसरं काय!

"खुंट फुटलाय आप्पा. चूक माझीच."

काकी समाधानानं आत गेल्या. आप्पा मला गेटपाशी घेऊन गेले आणि हसायला लागले.

"अरे, चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. चाळीस वर्षं मी खिरणीची फूट काढतोय. मला हे कळलं नसेल? सुरीसुद्धा ओळखली मी."

"मग शेठना फोन कशाला केलात?"

"म्हटलं, बाहेरचा माणूस तरी तिला बोलेल. तू तर माझ्याहून भित्रा निघालास!"

तिथूनच त्यांनी शेठना फोन लावला. "माणूस हुशार आहे तुमचा. अजून दहा लाल पाठवा." मग मला हळूच म्हणाले, "चिकूच्या शेडमागे लाव. तिकडे ती फिरकत नाही."

नोकरी टिकली. तेव्हापासून तक्रारीला गेलो की आधी घरात कोणाचं चालतं ते बघतो. झाड नंतर.