दात पडलेला झायलोफोन

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी शाळेतला झायलोफोन वाजवतानाचा फोटो दाखवलात आणि विचारलंत, "आजी, आमच्या टीचर त्याच्या दोन पट्ट्या काढून का ठेवतात?" फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल.

त्या दोन पट्ट्या मीसुद्धा काढून ठेवत असे. इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी वर्तकनगरच्या एका मराठी प्राथमिक शाळेत आठवड्याला दोन तास संगीत शिकवू लागले. त्याआधी ऑर्फ पद्धतीचं एक शिबिर केलं होतं. या पद्धतीत मूल गाणं पाठ करण्यापासून सुरुवात करत नाही. आधी बोलायचं, मग तेच टाळ्यांत आणि मांड्यांवर वाजवायचं, मग वाद्यावर. आमची दुसरीची मुलं रोज बसवर ज्या गावांच्या पाट्या बघत त्यांचाच ठेका आम्ही केला होता: "खोपट, खोपट, वर्तकनगर." दोनदा मांड्यांवर, दोनदा टाळी, चारदा पाय.

झायलोफोनच्या पट्ट्या सुट्या असतात, खिळ्यांवरून उचलल्या की निघतात. म आणि नी काढले की सा, रे, ग, प, ध उरतात, म्हणजे भूपाचे स्वर. मग मूल कुठेही काठी मारो, कानाला खुपत नाही. मी लहानपणी डोंबिवलीत पेटीच्या क्लासला जायची. स्वर चुकला की गुरुजी पेटीच्या झाकणावर बोटाने टकटक करायचे. ती टकटक मला अजून ऐकू येते. माझ्या वर्गात ती नको होती.

मुलं त्या रिकाम्या जागांना "पडलेले दात" म्हणत. दुसरीत सगळ्यांचेच दात पडत असतात.

वर्षाच्या मध्यावर मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. पालक म्हणत होते, मुलं घरी मांड्या थोपटत फिरतात आणि गाणं एकही येत नाही. "तुमचे दोन्ही तास गणिताच्या सरावाला द्यावे म्हणते," त्या म्हणाल्या. "पण एकदा पालकांना वर्ग दाखवा. त्यांना पटलं तर ठेवू."

म्हणजे त्या एका शनिवारवर सगळं होतं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी यादी केली. शुक्रवारी संध्याकाळी सहाही झायलोफोन तपासले, काढलेल्या पट्ट्या पत्र्याच्या डब्यात घातल्या, यादीत खुणा केल्या आणि घरी गेले.

शनिवारी पालक मागे बाकांवर दाटीवाटीने बसले. ठेका छान झाला. मग मुलं झायलोफोनकडे वळली, आणि पहिल्याच ओळीत असं काही वाजलं की पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी कानावर हात नेला. मुलं थांबली. एक दोन वेण्यांची मुलगी वाकून बघत ओरडली, "बाई! याला दात आले!"

"माझ्यापण! सगळ्यांना आले!"

दाराशी शाळेच्या मावशी उभ्या होत्या. जवळच्या कोलशेत गावातल्या जुन्या रहिवासी, हाताला कधी स्वस्थता नाही. त्यांचा चेहरा उतरला. "अगो बाय, मीच लावल्या सकाळी. पाहुणे यायचे, आन त्या फटी बऱ्या दिसत नव्हत्या. डब्यावर तुम्हीच लिवलंय ना, झायलोफोनच्या पट्ट्या? तुम्हीच बोलता, जिथली वस्तू तिथं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. चिठ्ठी माझ्याच अक्षरात होती. इतके महिने हे वाक्य मीच त्यांच्या कानीकपाळी ओरडत होते.

मी मुलांना म्हटलं, "काढा बरं, कुठले काढायचे?" आणि मी जागेवरून हलले नाही, कारण खरं तर मला सुचतच नव्हतं. मुलांनी एकेक पट्टी वाजवून, कान लावून, म आणि नी शोधून काढले. एकाने मागे वळून पालकांना सांगितलंसुद्धा, "हे दोन बाकीच्यांशी भांडतात."

दोन वेण्यांच्या मुलीने नी काढला, म मात्र तसाच ठेवला.

"अगं, तो राहिला," मी म्हटलं.

"राहू दे ना, बाई. मला आवडला."

माझा हात पुढे झाला होता. तो मी मागे घेतला. आमच्या खेळात एकाने चार ठोक्यांचा प्रश्न वाजवायचा आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. तिच्या प्रश्नाचा शेवट म वर आला आणि तो हवेत लटकून राहिला. तिने नाक मुरडलं. थोडं थांबून शेजारचा ग वाजवला.

"आता बरं वाटलं," ती आपल्याशीच म्हणाली.

मी हे तिला शिकवलं नव्हतं. इतके महिने चूक होऊच नये अशी सोय मी केली होती, आणि चूक झाल्यावर काय करायचं ते तिने स्वतःच शोधलं होतं.

शेवटी एक वडील म्हणाले, "बाई, मजा आली, पण गाणं कधी शिकवणार?" मी म्हटलं, "शिकवणार, तिसरीत." ते हसले, पण त्यांना पटलं असेल असं मला वाटत नाही. सोमवारी मुख्याध्यापिकांनी दोनपैकी एक तास गणिताला दिला. एक मला ठेवला. "ती मुलगी स्वतः ऐकत होती," एवढंच त्या म्हणाल्या.

डब्यावरची चिठ्ठी मी काढून टाकली. त्यानंतर मावशी तासाआधी दारातून विचारायच्या, "बाई, आज दात लावू का काढू?"

"मुलांना विचारा," मी म्हणायची.

तर तुमच्या टीचर पट्ट्या काढतात ते बरोबरच आहे. पण एखाद्या दिवशी त्यांना विचारून म परत लावा. तुमच्याकडे त्यावर F लिहिलेलं असेल. तो वाजवा, थोडं थांबा आणि मग त्याच्या डावीकडची पट्टी वाजवा. काय वाटलं ते मला रविवारी सांगा.