बाळकुमच्या घरातला वास

माझं नाक तिखट आहे आणि जीभ त्याहून तिखट, असं माझ्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. कौतुकाने की तक्रारीने, ते मी कधी विचारलं नाही. पण बाळकुमच्या घरात या दोन्हींनी मिळून असा घोळ घातला, की त्या वेळी शेजारची एक म्हातारी मध्ये पडली नसती तर आज मला स्वतःचं तोंड आरशात बघवलं नसतं.

आमची कोपरची बिल्डिंग पाडून नवी बांधायला घेतली, म्हणून नवरा, सासूबाई आणि मी असे तिघं बाळकुमला भाड्याने राहायला आलो. तिसरा मजला, दोन खोल्या, वर्षभर बंद असलेला फ्लॅट. आतल्या खोलीला लागून एक छोटं बाथरूम होतं, म्हणून ती खोली सासूबाईंना दिली. पण त्या बाथरूमचा उंबरा इतका उंच, की त्यांच्या गुडघ्यांना तो ओलांडवेना. त्या आपल्या बाहेरचंच बाथरूम वापरू लागल्या, आणि आतल्यात आम्ही पिंपं ठेवली.

पिंपं कशाला, असं बाळकुमची माणसं विचारतील. कोपरला पाणी आलं तर तासभर यायचं. लग्न होऊन मी त्या घरात गेले, तेव्हा तिथली आमटी शिकण्याआधी पिंपं भरायला शिकले. इथे नळाला दिवसभर पाणी होतं, पण आमचा विश्वास कसा बसणार? "आज आहे, उद्याचं कुणी सांगितलंय?" सासूबाई म्हणाल्या. मलाही ते पटलं. चार निळी पिंपं काठोकाठ भरली, झाकणं घट्ट लावली, कोपऱ्यात गणपतीचं मखर उभं केलं आणि दार ओढून घेतलं. आठवड्यातून एकदा नवऱ्याने पाणी बदलायचं, तेही बादल्यांनी काढून कपडे धुवायला वापरायचं. थेंब सांडायचा नाही, हा आमचा घरचा धर्म.

दहा-बारा दिवसांत घराला वास यायला लागला.

सडलेल्या अंड्यासारखा, त्यात ओल्या गोणपाटाचा. सकाळी कमी, दुपारी जास्त. मी ओटा घासला, सिंक घासलं, कचऱ्याचा डबा नवा आणला. नवऱ्याला विचारून उपयोग नव्हता. तो वागळे इस्टेटमध्ये रंगाच्या कारखान्यात आहे, त्याचं नाक केव्हाच कामातून गेलेलं. "मला तर काहीच येत नाहीये," असं तो इतक्या निरागसपणे म्हणायचा, की मला त्याचाच राग यायचा. एजंट म्हणाला, घर बंद होतं, माणसं राहायला लागली की जाईल. प्लंबर आला, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कसलंसं ॲसिड ओतून गेला. मी ज्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, तिथले पेशंटसुद्धा तोंडात कापूस धरून उपाय सांगायला लागले. कापूर झाला, डांबरगोळ्या झाल्या, लिंबं कापून ठेवून झाली. वास होता तिथेच होता.

आणि तो सगळ्यात जास्त होता सासूबाईंच्या खोलीत.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला आजही लाज वाटते. आदल्या वर्षी सासूबाईंचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून खोकला आला, जोरात हसू आलं, की कपड्यात थोडी लघवी व्हायची. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, स्वतःच्या मुलालाही नाही. आणि मी त्या विश्वासाचं काय केलं? त्यांच्या चादरी नाकाशी धरून बघितल्या. त्यांच्या खोलीत शिरलं की आधी खिडकी उघडायची. संध्याकाळी धूप घरभर फिरवायचा, आणि त्यांच्या दाराशी जरा जास्त वेळ थांबायचं. एकदा बहिणीशी फोनवर बोलताना म्हणाले, "त्यांच्या खोलीत तर उभं राहवत नाही गं." त्या घरातल्या भिंती पातळ होत्या.

त्यानंतर सासूबाई दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागल्या. चहा अर्धा कप घ्यायच्या, पाण्याचा तांब्या भरलेला तसाच राहायचा. जेवताना ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसायच्या. "इथे वारा बरा येतो," म्हणायच्या. आणि एका शनिवारी मी दवाखान्यातून आले, तर त्यांची बॅग भरलेली.

"भावाकडे जाऊन राहते," त्या म्हणाल्या. "कोपरचं घर झालं की बघू."

त्यांचा भाऊ संगमेश्वरच्या पुढे एका वाडीत एकटा राहतो, काठी घेऊन चालतो. दर तीन महिन्यांनी सासूबाईंना तपासणीला न्यावं लागतं, ते तिथे कोण नेणार? त्या एकदा गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं.

"आई, का पण? कुणी काही बोललं का?"

त्यांनी पदर नीट केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "माझा वास येतो का गं?"

मी "नाही" म्हणाले. पण एक क्षण उशिरा म्हणाले. त्या हसल्या आणि बॅगेची चेन लावली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी शेजारच्या दारावर थाप मारली. शेजारी एक कोळीण राहायची, साठीच्या पुढची. सकाळी नाक्यावर मासे विकायची आणि गॅलरीत दोरीवर बोंबील वाळत घालायची. खरं तर आम्ही कोकणातली माणसं, सुक्या बोंबलाच्या वासाने आमच्या तोंडाला पाणी सुटतं. घरात येतो तो वास बोंबलाचा नाही, हे माझ्या नाकाला पक्कं माहीत होतं. पण वास कुणाचा तरी असायला हवा होता, आणि तो सासूबाईंचा असलेला मला चालणार नव्हता. म्हणून मी भांडायला गेले.

"मावशी, तुमच्या बोंबलांमुळे आम्हाला घरात राहणं अशक्य झालंय," मी म्हणाले. आणखीही बरंच काही म्हणाले. ते इथे लिहीत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. हातातला कोयता बाजूला ठेवला, पदराला हात पुसले. "झाला बोलून? चल, दाखव मना, कुठं येतंय वास."

ती सरळ आमच्या घरात शिरली. दारातच थांबून एकदा नाकाने वारा घेतला. "बोंबील असा नाय मारत. मासा नासला तरी असा नाय मारत." आणि वास ओढेल तशी ती आत चालत गेली, थेट सासूबाईंच्या खोलीत. सासूबाई बॅगेशेजारी पलंगावर बसल्या होत्या. परकी बाई बघून त्या उठायला लागल्या, आणि मग जे होऊ नये म्हणून मी शेजारी भांडायला गेले होते तेच झालं.

"बाई, माझाच असेल," सासूबाई म्हणाल्या. "मला त्रास आहे. मी उद्या जातेच आहे."

म्हातारी त्यांच्याजवळ गेली. वाकून, काही आडपडदा न ठेवता, तिने त्यांच्या खांद्याशी, मानेशी, पदराशी नाक नेलं. मग सरळ झाली.

"तुझा? तुझ्या अंगाला निस्ता साबनाचा वास येतंय. किती साबन घासतेस गो बाय, चामडी निघंल."

सासूबाई पुन्हा पलंगावर टेकल्या. मी दाराची चौकट धरून उभी होते.

म्हातारीने तोवर आतल्या बाथरूमचं दार उघडलं होतं. बंद घरातला तो सगळा वास अंगावर आला. तिने पिंपांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सरकव ह्यो."

मी जोर लावून पिंप सरकवलं. खाली मोरीची जाळी होती, खडखडीत कोरडी. तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

"इथं पानी कवा वतलंस?"

"आलो त्या दिवशी धुतलं तेवढंच, मग कधीच नाही," मी म्हणाले.

"मोरीच्या पोटात पानी र्‍हावा लागतं. त्या पान्याचंच दार असतं. ते सुकलं का खालचा गटार वर येनार, दुसरं काय?" तिने पिंपाचं झाकण काढलं, मगने पाणी घेतलं आणि जाळीवर ओतलं. एक, दोन, तीन. आत गुडगुड आवाज झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण आमचा कळसा पन्नास लिटरचा होता, आणि असे चार होते.

मी तिची माफी मागितली. शब्द सापडेनात, म्हणून दोनदा मागितली. ती उंबऱ्यावरून पाय काढत म्हणाली, "वास आला का लोकाचं बोट मासेवालीकडंच जातं. मना सवय हाय." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. पुढे तीच आमच्या घरी हक्काने चहाला यायला लागली, आणि येताना बोंबील आणायला लागली. हे माझं पुण्य नव्हे, तिचं मोठेपण. त्या बाईचे उपकार मी कशाने फेडणार? मी गेले होते वासावरून भांडायला, ती माझ्या घरातलं माणूस राखून गेली.

दुपारपर्यंत वास निम्मा झाला, चारच्या सुमाराला मला तो शोधावा लागला. सासूबाई पलंगावरच होत्या, पायाशी बॅग तशीच. मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसले.

"तुलाही वाटलं होतं ना, माझाच आहे?" त्यांनी विचारलं.

या वेळी मी उशीर केला नाही. "हो," म्हणाले. "चुकले मी आई. जाऊ नका."

बाहेर शेजारच्या गॅलरीत म्हातारी बोंबील उलटसुलट करत होती, त्याचा वास खिडकीतून येत होता, खरा, ओळखीचा. सासूबाईंनी तो नाकभर ओढून घेतला. मग त्यांनी पायाने बॅग पलंगाखाली सरकवली.

"उठ," त्या म्हणाल्या. "तांब्याभर पाणी आण मला. भरून आण. तीन आठवडे झाले, धड पाणी प्यायले नाहीये मी."