सोलांनी घासलेला टीव्ही गेम

माझं माहेर तळेऱ्याचं, अगदी फाट्यावर. आमच्या दुकानाच्या ओट्यावर दिवसभर माणसं. ट्रकवाले, देवगडला जाणारे, विजयदुर्गला जाणारे, बस चुकलेले आणि बस न चुकताही गप्पा छाटत बसलेले. तोंड बंद ठेवायची सवय मला कुठून असणार? आणि लग्न होऊन पडले कुठे, तर कुणकेश्वराच्या अलीकडे, समुद्रकाठच्या एका वाडीत, दोन माणसांच्या घरात. एक मी, दुसरे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या आणि नवरा मस्कतला नोकरीला.

सासरे शाळामास्तर होते, निवृत्त झालेले. माणूस वाईट म्हणाल तर मुळीच नाही. पण ते माझ्याशी बोलायचे नाहीत. सुनेशी सासऱ्याने समोरासमोर बोलू नये, ही त्यांची जुनी रीत. काही हवं असलं की ते मांजराला सांगायचे. "मने, चाय झाली काय गो?" "मने, आज आमटीत मीठ जरा कमी पडला गो." मी मीठ आणून वाढायची आणि मनी मिशा पुसत बसायची. आधीआधी मला हसू यायचं. मग राग यायला लागला. त्या मेल्या मांजराला दर वाक्याला 'गो' मिळायचं, आणि मी एवढी जितीजागती बाई चुलीपुढे खपतेय, तर माझ्या वाट्याला एक साधं 'गो' नाही!

मे महिन्यात नवरा रजेवर आला तो एक काळापांढरा टीव्ही आणि एक टीव्ही गेम घेऊन. अँटेना माडावर चढवला. पण चित्र कसलं दिसतंय! नुसत्या मुंग्या. मधेच कुणाचा तरी लांबून बोलल्यासारखा आवाज यायचा आणि पुन्हा मुंग्या. गेम मात्र लख्ख दिसायचा. दोन बाजूंना दोन पांढऱ्या पट्ट्या आणि मधे एक चौकोनी चेंडू. हातातलं बटण फिरवलं की पट्टी वरखाली व्हायची, चेंडू पट्टीला लागला की 'टुक' असा आवाज यायचा. झालं, एवढाच खेळ. नवऱ्याने तो आम्हा दोघांना शिकवला आणि रजा संपली तसा तो गेला.

पावसाळ्यातल्या एका दुपारी जेवणं झाल्यावर मी एकटीच गेम लावून बसले होते. मागून खाकरल्याचा आवाज आला. सासरे चटईच्या पार दुसऱ्या टोकाला येऊन बसले, दुसरं बटण हातात घेतलं आणि मनीला म्हणाले, "मने, सांग तिका, कर म्हणा सुरू."

मग हे रोजचंच झालं. त्या दुपारांत मी जागी असायचे की झोपेत, हे आजही मला नक्की सांगता यायचं नाही. चित्र नीट दिसावं म्हणून खिडक्या ओढून घेतलेल्या असायच्या. पाऊस उघडला की कौलांमधल्या काचेतून उजेडाचा एक तुकडा जमिनीवर पडायचा आणि हळूहळू आमच्याकडे सरकत यायचा. बाहेर समुद्राची गाज आणि आत टुक... टुक... वीज कमी झाली की सगळं चित्र आक्रसून मधे गोळा व्हायचं, पट्ट्या जवळजवळ यायच्या, चेंडू सावकाश तरंगल्यासारखा वाटायचा. कधीकधी तर वाटायचं, मी बटण फिरवतेय म्हणूनच बाहेरची लाट मागे जातेय. बोलणं असं काही नव्हतंच. पण एक टुक त्यांचं, एक टुक माझं. या घरात आपल्याला कुणीतरी ओ देतंय, एवढं मला पुरत होतं.

गणपती गेले आणि गेम बंद पडला. खारी हवा, दुसरं काय! मग दुपारी ते ओसरीवर आणि मी माजघरात. ते घर मला खायला उठलं. मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं: दसऱ्याला माहेरी जायचं, ते परत यायचं नाही. कुणाला बोलले नाही, पण ट्रंकेत सगळ्या साड्या भरल्या, थंडीतली शालसुद्धा. चार दिवसांच्या माहेरपणाला कुणी शाल नेतं का? सासऱ्यांनी उघडी ट्रंक पाहिली. त्या दिवशी ते मनीशीसुद्धा बोलले नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळी मी देवाची समई घासायला काढली. सोलां, म्हणजे वाळलेली कोकमं, भिजवून घासायला घेतली आणि समईवरचा हिरवा कळंक बघता बघता एकदम लक्षात आलं, अगोबाई, अस्साच कळंक गेमच्या सेलांच्या खोबणीत चढलाय! म्हटलं, बस दुपारची आहे. जाण्याआधी हा तरी चालू करून द्यावा. मी गेल्यावर या माणसाची दुपार जायची कशी?

गेम आणला आणि खोबणीतल्या स्प्रिंगा सोलांनी खसाखसा घासायला लागले. सासरे दारात येऊन बघत राहिले. "मने, करंटाच्या वस्तूक आंबट पाणी लावतत काय गो?" पण स्प्रिंगा अशा चकचकीत निघाल्या की त्यांनाही राहवेना. ते छत्रीदुरुस्तीचा छोटा पेचकस घेऊन आले आणि मांडी घालून समोर बसले. झाकण उघडलं. आत एक पाटी आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा, वाडीतल्या पाणंदींसारख्या एकीतून एक फुटलेल्या. मी त्यांनाही सोलं लावायला निघाले, तर त्यांनी हात आडवा घातला, खिशातून खोडरबर काढलं आणि एकेक रेघ हलक्या हाताने पुसायला लागले. मनी कंटाळून परसातल्या मांगराकडे, गवताच्या खोपीकडे, निघून गेली. मग तर बोलणंच खुंटलं, निरोप सांगायचा कुणाकडे?

झाकण लावताना माझ्या धसमुसळेपणामुळे त्यांच्या बटणाची एक तार तुटली. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. त्यांनी तारेची टोकं पिळली आणि वर मेणबत्तीचं मेण ओतलं. नवे सेल घातले. टीव्ही लावला. आधी मुंग्या, आणि मग दोन पांढऱ्या पट्ट्या!

मी टाळी वाजवली. पण त्यांची पट्टी खालच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. त्यांनी बटण फिरवलं, पुन्हा फिरवलं. पट्टी ढिम्म हलेना. मेणाने काही तार धरली नव्हती.

"माझं घ्या," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आपलंच बटण धरून बसले. पहिला चेंडू त्यांच्या पट्टीवरून सरळ निघून गेला, दुसराही गेला. असेच सगळे जाणार, डाव संपणार, मी ट्रंक उचलणार. मग मी चेंडू नेमका त्या कोपऱ्यात मारायला लागले. टुक. त्यांच्या पट्टीला लागून परत आला. टुक. पुन्हा मारला. ते बटण फिरवत होते, तालात, डोळे चेंडूवर. आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं की त्या बटणाने काही होत नाही. कौलांमधला उजेड सरकत चटईपर्यंत आला, चेंडू जात होता, येत होता, आणि किती वेळ गेला मला कळलं नाही.

वळणावर बसचा हॉर्न वाजला. मी बटण खाली ठेवलं आणि पदर सावरत उठायला लागले.

"खंय चललंस गो? बॉल इलो तुझ्याकडे."

मी सवयीने मनीला शोधलं. मनी घरात नव्हती. मी मटकन खाली बसले आणि बटण हातात घेतलं.